शेकोटीपाशी कॅमेरा

२००८ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या फागणात पहिल्यांदा आमच्या तांड्यावर लेंगीचा गोल पुरा झाला नाही.

लेंगी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची होळीची गाणी. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, हातात डफ आणि पाय गोलात फिरत. सगळ्यांची तोंडं आत. मधी एक लहान शेकोटी, डफाचं कातडं सैल पडलं की शेकून घ्यायला. तोंडं आत काहून, तर ओळ टाकणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर ओळ उचलता येत नाही. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. गुरुजींनी गाणं म्हणायला मला एकट्याला बाकावर उभं केलं. मी म्हणालो, एकटा म्हणणार न्हाई. त्यांनी छडी दिली. दुसऱ्या दिवशी मी बैलांमागं रानात गेलो, तो शाळेत परत गेलोच नाही. आई म्हणायची, पोरगं हट्टी हाय. बराबर म्हणायची.

आमचा तांडा हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या अलीकडं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं समजायला सोपं म्हणून मराठीत लिहितो. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊस तोडायला जातो. उरलेल्यातली जवान पोरं पुण्याला बांधकामावर. होळीला कारखाने चालूच असतात, मुकादम कोणाला सोडत नाही. दरसाल गोल थोडाथोडा बारीक होत गेला, पण बंद व्हायचा. त्या साली होळीला आठ-दहा दिवस असताना सांजच्याला गायला उभे राहिलो, तर माणसं एवढी कमी की गोल कसला, विळाच. एक बाजू उघडी, तिकडून वारं आत यायचं आणि शेकोटीचा सगळा धूर आमच्या तोंडावर. गाता गाता आम्ही खोकत होतो.

आमचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. खाटेवर बसून बघत होता. गाणं थांबल्यावर म्हणाला, "भाऊ, पुरं करा आता. पुढल्या सालच्या होळीला हिंगोलीहून डीजे आणू. एक बटन दाबलं की झालं. तुम्हाला तकलीफ न्हाई, ऐकणाऱ्याला बी न्हाई."

लोक हसले. मला ते हसणं लागलं. मी डफ वर धरला आणि सगळ्यांसमोर बोललो, "पुढल्या सालच्या होळीला ह्याच चौकात गोल पुरा करून दाखवतो. न्हाई झाला तर हा डफ तुझ्या खुंटीला अडकवीन, आन् पुन्हा तोंडातून लेंगी काढणार न्हाई."

"बघा हां," नायक म्हणाला, "खुंटी रिकामीच हाय माझी."

घरी आल्यावर बायको भाकर थापत होती. मागं न बघताच म्हणाली, "बोलून आलात?"

"व्हय."

"माणसं कुठून आणणार? शेतात पेरणार काय?"

मी डफ मांडीवर घेऊन बसलो. माझा डफ माझ्या बापाचा. त्याच्या लाकडी कड्याला तिघांच्या घामाचा रंग आहे, बापाचा, थोरल्या भावाचा आणि माझा. तो दुसऱ्याच्या खुंटीला लटकलेला मी जित्तेपणी बघू शकलो नसतो. पण शब्द गेला होता.

दोन दिवसांनी बाजाराला म्हणून जवळा बाजारला गेलो. तिथं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याचं दुकान आहे. दुकानात टीव्ही लावलेला, त्यावर कोणाचं तरी लग्न चाललं होतं, आणि बाहेर ही गर्दी. कापूस विकायला आलेली माणसं, भाजीवाल्या बाया, सगळ्या माना वर करून. मी शेजारच्याला विचारलं, "कोणाचं लग्न हाय?"

"काय माहीत बुवा."

"मग काहून बघून राहिलास?"

"चांगलं चाललंय की," तो म्हणाला. "नवरदेवाचा मामा नाचणार हाय आता. मी मघा बी बघितलं."

मी तिथंच उभा राहिलो. ज्यांना लग्नाला बोलावलं नव्हतं तेही लग्न बघत होते, आणि दुसऱ्यांदा बघत होते. माझ्या डोक्यात आलं, माणसं गोलापाशी येत नसतील तर गोलच माणसांपाशी गेला पाहिजे. आत गेलो आणि शूटिंगवाल्याला म्हणालो, "आमची लेंगी काढायची हाय."

शूटिंगवाला चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड. म्हणाला, "मामा, नांदेडला कॅसेट काढतात तिथं जा ना. ते गाणं कापून-शिवून बराबर देतात."

"तिथं जाऊन आलोय," मी म्हणालो.

जाऊन आलो होतो ते १९९६ सालच्या फागणात. तिथल्या एका कॅसेटवाल्यानं बोलावलं म्हणून आमच्यातले सहा जण एसटीनं गेलो. आत एक गादी लावलेली खोली, मधे एक माईक. तो म्हणाला, एका ओळीत उभे राहा, डफ नको, डफाची कामं पॅडवर करतो, गाणं पाच मिनिटांत बसवा. मी म्हणालो, आमची लेंगी गोलात असते. तो म्हणाला, कॅसेटीत गोल कोणाला दिसतो? आम्ही ओळीत उभे राहून गायलो. मी ओळ टाकली तर शेवटच्याला माझं तोंड दिसेना, त्यानं भलतीकडंच उचलली. तीनदा तसं झालं. मी सगळ्यांना म्हणालो, चला. त्याच एसटीनं परत आलो. वाटेत कळमनुरीला गाडी थांबली तेव्हा आम्ही स्टँडवर गोल करून पुरी लेंगी म्हटली, तेव्हा कुठं पोटातलं निवलं. कंडक्टरनं गाडी थांबवून ठेवली होती.

हे सगळं ऐकून शूटिंगवाला हसला आणि म्हणाला, "मामा, मी येतो. तुमचा गोल आहे तसा काढतो."

त्याच होळीच्या चार दिवस आधी सांजच्याला तो आला. मोठा लाइट, खांद्यावर कॅमेरा. आम्ही विळा केला, म्हणजे जेवढा होईल तेवढा गोल केला, आणि गायलो. तो आमच्या बाहेरून फिरत होता. एकदा म्हणाला, "मामा, जरा इकडं तोंड करा." मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेंगी चालू असताना बाहेर तोंड करणारा मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी तो सीडी घेऊन आला. नायकाच्या घरी रंगीत टीव्ही. लाइट आल्यावर सगळा तांडा ओट्यावर जमला. सीडी लावली. आवाज बराबर. चित्रात मात्र सगळ्या पाठी. पाठी, पागोटी, आणि धोतराचे सोगे. एकाही माणसाचं तोंड नाही. मधून मधून माझी मान दिसायची, तीही मागून.

एक बाई म्हणाली, "हे आमचं माणूस. हे सोग्याला ठिगळ मीच लावलंय." दुसरी म्हणाली, "आन् हे आमचं. किती सांगितलं नवीन घाला, आता बघा, टीव्हीत गेलं." मग बायांना चेवच चढला. कोणाची पाठ कोणाची, त्याच्यावर भांडण. माझी बायको म्हणाली, "ह्या तांड्यातल्या गड्यांना मी तीस वर्षं पाठीकडूनच ओळखते, कामाच्या वक्ताला सगळे हे असे निघून जातात." ओटा हसून हसून खाली आला.

नायक डोळ्यांचं पाणी पुसत म्हणाला, "भाऊ, आता पुण्याच्या पोरायला हे दावा. म्हणावं, बघा, तांडा तुमच्याकडं पाठ करून उभा हाय."

मला राग आला, पण खरं सांगतो, हसूही येत होतं. मी उठून घरी गेलो. शूटिंगवाला मागून आला. "मामा, एकच इलाज. ओळीत उभे राहा. न्हाईतर तोंडं बाहेर करून गोल करा."

"तोंडं बाहेर करून लेंगी होत न्हाई."

"मग मला आत येऊ द्या. मधे उभा राहून काढतो."

"मधी कोणी उभं राहत न्हाई. मधी शेकोटी असते."

"शेकोटी बाजूला सारा."

"आन् डफ कशावर शेकू? तुझ्या लाइटावर?"

आमच्या तांड्यावर गोलाच्या आत बाहेरचा माणूस उभा राहत नाही, हे मी बापाकडून ऐकलेलं. त्यात माझा इलाज नव्हता आणि मला इलाज करायचाही नव्हता. बायको चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आत कोणीच जात न्हाई? मग शेकोटीत लाकूड कोण घालतं?"

"कोणी बी. ज्याची ओळ नसंल तो."

"तो आत जातो का न्हाई?"

"जातो. तो शेकोटीवाला असतो तेवढ्यापुरता."

"मग ह्यांना शेकोटीवाला करा," ती शूटिंगवाल्याकडं बोट करून म्हणाली. "ह्यांनी लाकडं घालायची, तुमचे डफ शेकून द्यायचे, आन् हात रिकामा झाला की शूटिंग करायचं. ज्याच्याकडं काम हाय तो बाहेरचा कसा?"

तिच्या बोलण्यात खोट काढायची होती, सापडली नाही. म्हणालो, "लाकडं घालाल?"

"घालतो की," शूटिंगवाला म्हणाला. "लग्नात तर मी वाढायला बी लागतो."

आमच्याकडं होळी पहाटे पेटते, गावातल्यासारखी रात्री नाही. त्या पहाटे होळी पेटली, आणि उजाडता उजाडता आम्ही चौकात उभे राहिलो. मधे शेकोटी, शेकोटीपाशी खांद्यावर कॅमेरा घेतलेला तो गडी. उजेड होत होता म्हणून लाइटाची गरजच पडली नाही. मी ओळ टाकली की तो माझ्याकडं वळायचा, बाकीचे उचलायचे तसा गोल फिरायचा. मधेच कोणी डफ पुढं करायचा, तो पायानं लाकूड सारायचा, एका हातानं डफ शेकायचा आणि दुसऱ्या हातानं कॅमेरा सांभाळायचा. धुरानं त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. फिरून फिरून त्याला भोवळ आली, तर दोघांनी ओळ न सोडता धरून उभं केलं. तेही सगळं चित्रात आलं.

गोलाची एक बाजू उघडीच होती. लेंगी संपल्यावर मी त्या उघड्या बाजूकडं बोट केलं आणि कॅमेऱ्यात बघून बोललो. आधी ठरवलं नव्हतं. म्हणालो, "हा आमचा तांडा. ही आमची लेंगी. ह्याच्यापरीस चांगली कोणाची असंल तर त्यानं फोन करावा. आन् ही जागा रिकामी हाय, ती आमच्या पोरायची हाय. ज्याला यायचं त्यानं यावं." आणि माझा मोबाइल नंबर दोनदा सांगितला. मोबाइल नवाच होता, पुण्याला बांधकामावर असलेल्या माझ्या पोरानं आणून दिलेला, तोवर त्यावर पोराशिवाय कोणाचा फोन येत नव्हता.

ही सीडी लावली तेव्हा ओट्यावर कोणी हसलं नाही. आमची सगळ्यांची तोंडं समोर, अगदी जवळ, आणि लाकडं तडतडताना ऐकू येत होती. एक म्हातारी टीव्हीजवळ सरकून बसली. म्हणाली, "शेक लागून राहिला बाई." नायकानं सीडी संपल्यावर पुन्हा लावली, पण तोंडानं एवढंच म्हणाला, "खुंटी अजून रिकामी हाय, भाऊ."

शूटिंगवाल्यानं सीड्या छापल्या. मी त्या उसाच्या टोळ्यांवर पाठवल्या, लग्नाला आलेल्या पाहुण्यांना दिल्या, गोरेगावच्या मोबाइलच्या दुकानात दिली. तो दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. मी त्याला म्हणालो, जो मागंल त्याला भरून दे, फक्त शेवटचं माझं बोलणं कापू नको. शूटिंगवाला हे ऐकून कळवळला.

"मामा, असं फुकट सोडलं तर कोणी बी छापंल. चोरतील."

"गाणं चोरून नेलं तर आपल्याकडचं कमी होतं काय?"

"धंदा असा न्हाई होत, मामा."

"धंदा कोणाला करायचाय? मला माणसं पायजेत."

पोरगा उन्हाळ्यात दोन दिवस आला होता, जाताना सीडी घेऊन गेला. महिन्याभरानं त्याचा फोन. "बा, तुमची लेंगी इंटरनेटवर टाकली."

"म्हणजे कुठं?"

"सगळीकडं. कोणी बी, कुठून बी बघू शकतं."

"पुरी टाकली?"

तो अडखळला. "लांब व्हिडिओ तिथं चढत न्हाई, बा. दोन तुकडे केले."

माझं डोकं फिरलं. पाच मिनिटांत बसवा म्हणणाऱ्याला मी सोडून आलो होतो, आणि इथं माझ्याच पोरानं तोडली. म्हणालो, "काढून टाक ती."

"बा, ऐका तर. तुम्ही मधी पाणी प्यायला थांबता ना, तिथं तोडली. दुसऱ्या तुकड्यात तुम्ही तांब्या खाली ठेवता तिथून सुरू."

मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "पोरगं तुमचंच हाय. बराबर जागी तोडलीय." मग मी म्हणालो, राहू दे.

आणि फोन यायला लागले.

आमच्या तांड्यावर रेंज एकाच जागी यायची, विहीर खोदली तेव्हाच्या मातीच्या ढिगाऱ्यावर. फोन वाजला की मी "थांबा थांबा" म्हणत ढिगाऱ्याकडं पळायचो, वर चढायचो आणि मग ओरडून बोलायचो. पहिला फोन यवतमाळकडच्या तांड्यातल्या एका पोराचा. "काका, फोन करा म्हणालात म्हणून केला. आमची लेंगी तुमच्यापरीस चांगली हाय."

"म्हणून दाव."

त्यानं फोनवरच दोन ओळी टाकल्या. बऱ्या होत्या. मी म्हणालो, "आवाज हाय, पण घाई करतोस. एकटा म्हणून राहिलास ना? एकट्याची लेंगी अशीच पळते." तो हसला. मग म्हणाला, "आता तुमी म्हणा."

पावसाळा चालू होता. लेंगी फागणातच म्हणायची, हा आमच्या तांड्याचा कायदा. बाकीच्या महिन्यांत ती तोंडात आणायची नाही. मी म्हणालो, "आता न्हाई. फागण येऊ दे."

"आवं काका, एकच ओळ."

"न्हाई म्हणजे न्हाई. ऐकायची असंल तर होळीला तांड्यावर ये. गोलात जागा हाय."

मग असेच फोन. कर्नाटकातून, आंध्राकडून, मुंबईजवळच्या वीटभट्टीवरून, उसाच्या फडातून. कोणी मला आव्हान द्यायचं, कोणी नुसतं विचारायचं, ते शेकोटीपाशी फिरणारे गडी कोण, भोवळ येऊन पडले ते बरे आहेत का. एका बाईनं फोन केला, तिनं नवऱ्याला पुढं करून सांगितलं, ह्यांना सांगा घाई करू नका म्हणून, तुमचं ऐकतील. सगळ्यांना मी एकच सांगायचो, लेंगी फागणात, इथंच, या. ढिगाऱ्याखाली बायका धुणं धुवायच्या, त्यांचं हसून हसून धुणं राहायचं. माझी बायको म्हणायची, "तिकडं टीव्हीत बाराही महिने म्हणून राहिलात, आन् इथं माणूस फोन करतं तर तोंड शिवलंय."

"ती मागच्या फागणातली लेंगी हाय. ती चालते."

"बरं आहे बाई तुमचा कायदा," ती म्हणायची.

दसऱ्याच्या सुमाराला हिंगोलीला गेलो तेव्हा पोरानं सांगितलेल्या एका इंटरनेटच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवायची. मी सांगितलं काय बघायचंय ते. तिनं शोधून लावलं. एवढ्या लहान चौकटीत आमचा चौक, शेकोटी, आणि मी. चित्र मधेच थांबायचं, गोल गोल काहीतरी फिरायचं आणि पुन्हा चालू व्हायचं. ती म्हणाली, खाली लोकांनी लिहिलंय. अक्षरं इंग्रजी, मला येत नाहीत. तिनं किती लोकांनी बघितलं त्याचा आकडा सांगितला. मी म्हणालो, "ताई, आकडा राहू द्या. गावं वाचा."

ती वाचायला लागली. काही गावं मला माहीत होती, पुष्कळ नव्हती. एकानं लिहिलं होतं, मी दुबईत आहे, रोज झोपायच्या आधी शेकोटीपाशी बसतो. ती बाई वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "बाबा, ही शेकोटी खरीच आहे का?"

"खरी हाय. फागणात या."

दिवाळी झाली, टोळ्या गेल्या, तांडा रिकामा झाला. फागण लागला. आता मी फोनवर लेंगी म्हणायला मोकळा होतो, पण म्हटली नाही. म्हणालो, फोनवर म्हटली तर कोण येईल? नायकानं हिंगोलीच्या डीजेवाल्याला शब्द देऊन टाकला. मला मुद्दाम येऊन सांगितलं, "भाऊ, होळीच्या पहाटे टेंपो येतोय. तुमचा गोल झाला तर त्याला परत पाठवू."

"परतच पाठवावा लागंल."

म्हणालो खरं. होळीच्या आधी तीन दिवस रोज सांजच्याला गायला उभे राहायचो, तर गोल मागच्या सालापेक्षाही बारीक. वाटेकडं बघायचो, तर वाट नुसती. होळीच्या आदल्या सांजेला पोरगा बायको-लेकरांना घेऊन आला. एवढंच. मी डफ काढला, कडं तेल लावून पुसलं. बायको बघत होती. म्हणाली, "नायकाच्या घरी द्यायचा म्हणून पुसून राहिलात, का वाजवायचा म्हणून?"

"डफ हाय. पुसला पायजे."

पहाटे होळी पेटली. ज्वाळा खाली बसल्या, पूर्वेकडं फटफटलं, आणि गोरेगावच्या बाजूनं जीपचे दिवे दिसले. एक, मग दुसरे, मग मोजायचं सोडलं. पहिल्या जीपच्या टपावर यवतमाळकडचा तो पोरगा बसला होता, उतरता उतरता म्हणाला, "काका, आता घाई करणार न्हाई, चौघं घेऊन आलोय." मागून उसाच्या टोळीतली आमचीच माणसं. मुकादम स्वतःच बंजारा, मोबाइलवर लेंगी ऐकून ऐकून त्यालाच राहवलं नाही, तोही त्यांच्यासोबत जीपमधून उतरला. कळमनुरीकडच्या तांड्यातले, कर्नाटकातले, ज्यांची बोली आमच्यासारखी आणि मराठी बिलकुल नाही असे. आणि शेवटच्या जीपमधून आमचा शूटिंगवाला. मी त्याला बोलावलं नव्हतं. काखेत लाकडाची मोळी.

"मामा, शेकोटीवाल्याला बोलवावं लागतं काय?" तो म्हणाला.

आम्ही चौकात उभे राहिलो. गोल बंद झाला. मग आणखी माणसं शिरली, गोल सरकत सरकत मागं गेला, एक बाजू नायकाच्या ट्रॅक्टरला जाऊन टेकली. मी ओळ टाकायला तोंड उघडलेलं तसंच ठेवलं आणि नायकाकडं बघितलं. तो खाटेवरून उठला, दोघांना घेऊन ट्रॅक्टर ढकलून मागं नेला, आणि येऊन माझ्या समोरच्या बाजूला गोलात उभा राहिला. मी म्हणालो, "डफ न्हाई आणला?"

"तुमचाच लटकवायचा होता माझ्या खुंटीला," तो म्हणाला, "दुसरा कुठून आणू?"

डीजेचा टेंपो आला तेव्हा जीपांनी वाट अडवली होती. तो बाहेरच थांबला. डीजेवाला टेंपोच्या छतावर चढून मोबाइलमध्ये आमचं शूटिंग काढत बसला. सूर्य चांगला वर येईपर्यंत आम्ही गायलो. यवतमाळच्या पोरानं ओळ टाकली, मी उचलली. कर्नाटकवाल्यानं टाकली ती ओळ मला माहीतच नव्हती, पण त्याचं तोंड समोर दिसत होतं, म्हणून उचलता आली. गड्यांचं झाल्यावर बायांनी त्यांचा गोल केला, आणि माझ्या बायकोनं शूटिंगवाल्याचा दंड धरून त्याला त्यांच्याही शेकोटीपाशी नेऊन उभा केला. नायकाच्या खुंटीला त्या दिवशी पाहुण्यांची पागोटी लटकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घशातून आवाजच निघेना. हूं की चूं नाही. बायको म्हणाली, "देवानं एक दिवस तरी सुख दिलं मला." तेवढ्यात फोन वाजला. मी डफ घेतला, फोन घेतला आणि ढिगाऱ्यावर चढलो. पलीकडून कोणी लांबचा माणूस विचारत होता, काका, मला यायला जमलं न्हाई, आता तरी एक ओळ म्हणा, फागण हाय. मी बोलायला गेलो, नुसती हवा आली. मग फोनचा स्पीकर लावून तो एका दगडावर ठेवला, डफ त्याच्याजवळ धरला आणि वाजवायला लागलो. थोड्या वेळानं त्या दगडावरून बारीकसा आवाज यायला लागला. तोच ओळ टाकत होता. खाली धुणं धुणाऱ्या बायांनी ती उचलली.